घरधनी बसत नाही

आमच्या अरिल्येत स्लावेच्या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. घराण्याचा संत ठरलेला, त्याचा दिवस ठरलेला आणि दार उघडं. ज्याला यायचं तो येतो. नाही आला तर समजायचं, एक तर तो अंथरुणाला खिळलाय किंवा तुमच्यावर चिडलाय. आणि त्या दिवशी घरधनी बसत नाही. पहिला पाहुणा आल्यापासून शेवटचा जाईपर्यंत तो उभा असतो, वाढतो, पेले भरतो, आग्रह करतो. बसायचं पाहुण्यांनी.

राडोशकाका चोलोविच जन्मभर असे उभे राहिले. त्यांच्या घराची स्लावा संत निकोलाची, एकोणीस डिसेंबरची. ती उपासाच्या दिवसांत येते. मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. मासे चालतात, त्यामुळे तो उपास कुणाला जड गेल्याचं ऐकिवात नाही. गेल्या काही वर्षांत काकांचे गुडघे गेले, संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे. आम्ही म्हणायचो, "काका, टेका की जरा." त्यावर उत्तर ठरलेलं होतं. "माझा मुलगा या दारात घरधनी म्हणून उभा राहील त्या दिवशी बसेन. तोवर तू बस, मासा खा आणि काट्यांकडे लक्ष दे."

पण त्यांचा मुलगा डिसेंबरात घरी नसायचाच. तो बास्केटबॉल खेळायचा, आणि बास्केटबॉलचा हंगाम हिवाळ्यात भरात असतो.

मुलाचं नाव रास्तको, आणि मी त्याचा कूम, मिलिन्को. कूम म्हणजे लग्नात पाठीशी उभा राहणारा, बाप्तिस्म्याला त्याच्या पोरीला हातात धरणारा. भाऊ भावाशी एक वेळ भांडेल, कूमशी भांडणं पाप. (भांडतो आम्ही. पण पाप आहे हे माहीत असून भांडतो.) पोटापाण्याला मी जनावरांचा डॉक्टर. रास्तकोची उंची दोन मीटरच्या चांगली वर आहे, तेव्हा तो माझ्याच हद्दीत येतो असं मी धरून चालतो, आणि त्याच्या गुडघ्यांबद्दल मत द्यायला मागेपुढे पाहत नाही.

सातवीच्या उन्हाळ्यात हा पोरगा असा काही वाढला की त्याच्या आईला, देव तिला शांती देवो, विजारींना खालून कापड जोडावं लागलं. चालताना स्वतःच्याच पायात पाय अडकायचा. आम्ही त्याला 'शिडी' म्हणायचो. मळ्यात तर तो बिनकामाचा. आमच्या छातीशी येणारी रासबेरी त्याच्या कमरेशी यायची, वाकून वाकून त्याच्या पाठीत उसण भरायची आणि बाप ओरडायचा तो वेगळा. शाळेत स्रेतेन मास्तर व्यायाम शिकवायचे. त्यांनी एक दिवस त्याला समोर उभं केलं.

"पळता येतं का?"

"नाही, मास्तर."

"उडी?"

"नाही."

"मग येतं काय तुला?"

रास्तकोने बराच विचार केला. "उभं राहता येतं."

"पुष्कळ झालं," मास्तर म्हणाले.

मी तिथेच होतो, मला वाटलं मास्तर टर उडवताहेत. पण नाही. त्यांनी त्याला खरोखरच उभं राहायला शिकवलं. या खेळात एक काम असं आहे की प्रेक्षकांच्या ते डोळ्यांतच भरत नाही. आपला गडी चेंडू घेऊन निघालेला असतो, समोरच्यांचा एक जण त्याला चिकटलेला असतो. तुम्ही मधे जाऊन खांब व्हायचं. चिकटलेला येऊन तुमच्यावर आदळतो, आपला मोकळा सुटतो आणि बास्केट करतो. टाळ्या त्याला, बरगडीत कोपर तुम्हाला. आणि हलायचं नाही. हललात की चूक तुमची. हे काम रास्तकोने पुढे सगळ्या युरोपभर केलं, आणि त्याचं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं ते नेहमी दुसऱ्याच कुणाच्या मागे, अर्धं.

पंधराव्या वर्षी तो चाचाकला गेला, तिथून बेलग्रेडला. चाचाक जवळ आहे, तिथून तो एक-दोनदा स्लावेला आलाही. पण तेव्हा तो पोर होता, आणि पोराला कुणी घरधनी म्हणत नाही. बेलग्रेडमध्ये त्याने दोन हिवाळे राखीव खेळाडूंच्या बाकावर काढले. मग कुणीतरी त्याला इटलीत पाठवलं, समुद्रकाठच्या एका गावात, दुसऱ्या श्रेणीच्या संघात. बाविशीचा होता. निघताना काका म्हणाले, "डिसेंबरात ये." तो म्हणाला, "बघतो, बाबा." डिसेंबरात सामना होता.

त्या वर्षी काकांनी त्याला फोनवरून सगळं सांगितलं. स्लावेचे गोड गहू किती वेळ उकडायचे, अक्रोड केव्हा घालायचे, मेणबत्ती कुठल्या बाजूला. "आणि दाराला कडी लावू नकोस, लोटून ठेव." संध्याकाळी काकांनी पुन्हा फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारात भेटले तेव्हा टोपी मागे सरकवून सांगत होते, "काल आमच्या रास्तकोकडे नुसती रीघ! अख्खा संघ आला. इटालियन माणसं, पण मासा कसा खायचा ते त्याने शिकवलं त्यांना."

"इटालियनांना मासा खायला शिकवला?" मी म्हणालो. "काका, ते समुद्रावर राहतात."

"तू गाई बघ," काका म्हणाले. पण त्यांना किती आनंद झाला होता!

इटलीनंतर लिथुआनिया, पानेव्हेझिस नावाचं गाव. तिथे थंडी अशी की गाडीचं दार उघडायला आधी त्याच्यावर गरम पाणी ओतायचं, आणि बास्केटबॉलचं वेड असं की दुधाच्या रांगेतली आजीबाई त्याला सांगायची, काल तू डावा पाय उशिरा ठेवलास. संघाची अंग चोळणारी, स्नायू सैल करणारी एक मुलगी होती, दाइव्हा. हिने त्याच्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, "तुझ्या पाठीवर किती माणसं आदळलीत?" झालं, हा गेलाच. लग्न जुलैत अरिल्येत झालं, ऐन रासबेरीच्या दिवसांत, कारण खेळाडूला सुट्टी तेव्हाच. लग्नाचे पाहुणे सकाळी मळ्यात आणि दुपारी चर्चमध्ये. दाइव्हाने पहिल्याच दिवशी आमच्या बायकांपेक्षा जास्त टोपल्या भरल्या. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा उंच निघाला. सून कामाची निघाली."

मग स्पेन. मग इझमीर, आणि इझमीरमध्ये गुडघा. उभ्या उभ्याच गेला. एक जण येऊन आदळला, रास्तको हलला नाही, गुडघा हलला. उन्हाळ्यात मी तो तपासला आणि म्हणालो, "घोडा असतास तर मी तुला गोळी घातली असती." तो म्हणाला, "कूम, म्हणूनच मी माणसांच्या डॉक्टरकडे गेलो." वर्षभर तो खेळला नाही. त्यानंतर कुठल्याही संघाने त्याला दोन-तीन महिन्यांहून जास्त शब्द दिला नाही. चांगला खेळलास तर राहा, नाही तर सामान बांध. पस्तिशीकडे झुकलेला माणूस, घरात लहान मुलगी, आणि दर नाताळाला नवीन गाव. पण तक्रार? छे. त्याला विचारलं की म्हणायचा, "उभं राहायला जागा मिळतेय ना, बस."

याच काळात तो थेस्सालोनिकीला होता. तिथून आमचं गाव एका दिवसाच्या रस्त्यावर. त्या वर्षी दोन सामन्यांच्या मधे स्लावा येत होती. त्याने कुणाला न सांगता गाडी काढली, सीमा ओलांडली आणि व्रान्येजवळ आल्यावर आनंद आवरेना म्हणून बापाला फोन केला. मी तेव्हा काकांच्या अंगणात होतो, कार्पमासे टबमध्ये सोडत होतो.

"बाबा, येतोय! रात्रीपर्यंत पोचतो."

काकांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "उद्या सराव नाही?"

"आहे. पण..."

"तुझ्या जागी उद्या कोण उभं राहणार?"

"कुणीतरी राहील."

"मग परवाही तोच राहील," काका म्हणाले. "मागे फीर."

"बाबा, अर्ध्यावर आलोय."

"मागे फीर म्हणतो ना! संत निकोला प्रवाशांचाच संत आहे, त्याला कळतं." आणि फोन ठेवला. मग टबापाशी येऊन मला म्हणाले, "हा मोठा मासा आहे तो रास्तकोला... तो राहू दे. तो स्रेतेनला वाढू." दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे उभे राहिले. सुजलेल्या पायांना त्यांनी बायकोचे जुने लोकरी मोजे घातले होते.

त्यानंतर जर्मनी, त्यानंतर हंगेरीतलं एक लहानसं गाव. आणि मग सदतिसाव्या वर्षी, जूनमध्ये, रास्तको बायको-मुलीला घेऊन घरी आला, गाडीतून खोकी उतरवली आणि म्हणाला, "बाबा, संपलं." काका म्हणाले, "संपलं कसलं? आता डिसेंबर येईल."

तो उन्हाळा आणि तो शरद काकांनी कसा काढला ते मी पाहिलंय. फाटकाला हिरवा रंग दिला, मग तो आवडला नाही म्हणून निळा दिला. पाहुण्यांसाठी बाक करवून घेतले. रास्तकोने शाळेच्या हॉलमध्ये पोरांना शिकवायला घेतलं, कारण स्रेतेन मास्तर आता सत्तरीच्या पुढे, शिट्टी वाजवली की त्यांनाच ठसका लागतो. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि स्लावेच्या आदल्या आठवड्यात माझा फोन वाजला.

मी तेव्हा एका गोठ्यात होतो, माझा हात खांद्यापर्यंत गाईत. हात धुऊन फोन बघितला. रास्तकोचा मेसेज.

"प्रिय मिलिन्को, दिनांक १९ डिसेंबर रोजी दुपारी एक वाजता आमच्या घरी स्लावा साजरी होत आहे. आपण आलात तर आम्हांस आनंद होईल. येणार किंवा कसे, ते कृपया कळवावे."

मी तो दोनदा वाचला. गाईवाला म्हणाला, "काय झालं, डॉक्टर? कुणी गेलं का?"

"जाणार आहे," मी म्हणालो आणि तसाच शाळेच्या हॉलवर गेलो. रास्तको पोरांना खांब व्हायला शिकवत होता. मी त्याला कोपऱ्यात घेतला. घेतला म्हणजे त्याच्या कोपराला धरून ओढला, माझा हात त्याहून वर पोचत नाही.

"तू मला 'आपण' म्हणालास?"

"अरे, सगळ्यांना एकच पाठवला."

"सगळ्यांना! सगळ्यांना म्हणजे?"

"शेजारी, नातेवाईक, मास्तर. देसांकाआजीकडे फोन नाही, तिच्या नातवाला पाठवला."

"येणार किंवा कसे! मी! तुझ्या पोरीला मी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढलंय, आणि मी कळवू, येणार किंवा कसे? उंटावरच्या शहाण्या, तुला काय वाटतं, हा वकिलांचा मेळावा आहे?"

त्याचे कान लाल झाले. "सवय झालीय, कूम. लोकांना आधी सांगितलेलं बरं असतं."

"कुणाला बरं असतं?"

तो वाकून चेंडू उचलायला लागला. पोरं बघत होती, म्हणून मीही आवरतं घेतलं.

पण गाव कुठे आवरतं घेतंय! दोन दिवसांत बेकरीत, न्हाव्याकडे, रासबेरीच्या शीतगृहात दुसरा विषय नाही. युरोपातून आला आणि आम्हाला पाहुणे करून टाकलं. बापाच्या घरात चाळीस वर्षं आम्ही दार न वाजवता शिरलो, आता हा वेळ देतोय, जसा दात काढणारा देतो. मेसेजला उत्तर एकट्या स्रेतेन मास्तरांनी दिलं, "कळवतो की मी या गावात परका नाही." बाकी कुणी तेवढंही केलं नाही. आमची माणसं एकदा रुसली की रुसलेला जावईसुद्धा त्यांच्यापुढे शहाणा वाटावा. काकांच्या कानावर सगळं गेलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आठवडा आहे, विरघळतील."

नाही विरघळले.

स्लावेच्या दिवशी मी वेळेआधीच गेलो. कूमला रुसायची सोय नसते. माझी बायको मात्र डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. तिचं डोकं दुखत नव्हतं. सकाळी पाद्री येऊन गेला होता. त्याने आणि रास्तकोने मिळून स्लावेचा पाव फिरवला, त्यावर लाल वाइन ओतली, मोडला. मेणबत्ती पेटली होती. पांढऱ्या सदऱ्यातला रास्तको दिव्याखाली डोकं वाकवून उभा, आणि त्याच्या शेजारी, तसाच पांढरा सदरा घालून, काका उभे.

"काका, आता तरी बसा," मी म्हणालो. "पाव त्याने मोडलाय. घरधनी तो."

"पाव मोडून कुणी घरधनी होत नाही," काका म्हणाले. "दारात माणूस येतो आणि 'घरधनी' म्हणतो, तेव्हा होतो."

एक वाजला. दोन वाजले. बाकांवर मी एकटा, लग्नात चुकून आधी पोचलेल्या माणसासारखा. तळलेला मासा, भाजलेला घेवडा, लोणची, अक्रोडाची पोळी, सगळं टेबलावर आणि सगळं निवत चाललेलं. रस्त्यावर पावलं वाजली की तिघेही दाराकडे बघायचे, आणि पावलं पुढे जायची. काकांचा पाय थरथरायला लागला होता. ते भिंतीला टेकत नव्हते.

"चूक माझी आहे, बाबा," रास्तको म्हणाला.

"मग कुणाची?" माझा संयम सुटला. "एवढ्या वर्षांनी बापाला बसवायचा एक दिवस आला, आणि तू फोनवर बोटं चालवलीस! तुला कुणी सांगितलं होतं बोलवायला? कुणी?"

स्वयंपाकघरातून दाइव्हा बाहेर आली. तिच्या हातात डाव होता. ती आमची भाषा नीट बोलते, फक्त प्रत्येक शब्द वेगळा ठेवते, जशी अंडी ठेवावीत.

"मिलिन्को, तू गप्प बस. मी सांगते."

"दाइव्हा, नको," रास्तको म्हणाला.

"मी सांगते. तो कधीच सांगणार नाही." ती काकांकडे वळली. "बाबा, पहिल्या वर्षी इटलीत त्याने तुम्ही सांगितलं तसंच केलं. गहू उकडले. मासा तळला. सरावाच्या वेळी संघातल्या सगळ्यांना म्हणाला, उद्या आमची स्लावा आहे. त्याला वाटलं एवढं पुरे. इथे पुरतं. ते म्हणाले, अरे वा, अभिनंदन. आणि याने खालचं दार उघडं ठेवलं, वरचं दार उघडं ठेवलं आणि पांढरा सदरा घालून दारात उभा राहिला. दुपारपासून."

"मग?" काका म्हणाले.

"मग काही नाही. कुणी आलं नाही. त्यांना काय माहीत? तिथे बोलावल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. वरची बाई आली, तिला वाटलं दार चुकून उघडं राहिलंय, तिने ते बाहेरून ओढून घेतलं. याने पुन्हा उघडलं. तो बसला नाही, बाबा. पाहुणे येणार म्हणून बसला नाही. जेवलाही नाही. त्यानंतर दर वर्षी, प्रत्येक गावात, तो आधी सगळ्यांना लिहून विचारतो, येणार की नाही. मलाही असंच विचारलं होतं. मी म्हटलं, येणार. तर हा मोठा माणूस रडायला लागला."

काका मुलाकडे बघत होते. "मी त्या संध्याकाळी फोन केला होता. मी विचारलं, किती आले."

"हो."

"तू म्हणालास, घर भरलं होतं."

"हो, बाबा."

"मी सगळ्या बाजाराला सांगितलं."

"माहीत आहे. मिलिन्कोने सांगितलं होतं मला. म्हणून मग मी..." काकांनी त्याचा दंड धरला, वर पोचेल तिथे, आणि नुसता धरून ठेवला. मी कोट उचलला. घरधन्याला त्या दिवशी घर सोडता येत नाही, आणि इथे तर घरधनी कोण हेच ठरायचं होतं. मला मात्र सोडता येत होतं.

सगळे कुठे असतील ते मला ठाऊक होतं. पुलाजवळच्या काफानात, आमच्या गावच्या खानावळीत, शिरलो तर सगळे तिथेच. आणि काय थाट! ठेवणीतले कोट, चोपडलेले केस, आणि टेबलावर बांधून आणलेल्या वाइनच्या बाटल्या, कॉफीच्या पुड्या, मुलीसाठी चॉकलेट. म्हणजे घरून निघाले होते स्लावेला, आणि रुसून बसले इथे. देसांकाआजीसुद्धा नातवाला घेऊन होती. मधे स्रेतेन मास्तर, कॉफीचा रिकामा कप पुढे घेऊन.

"तुम्ही इथे काय करताय?" मी ओरडलो.

"बसलोय," मास्तर म्हणाले. "इथे बसायला कळवावं लागत नाही."

"राडोश उभा आहे तिकडे."

"राडोशने ये म्हणावं, आम्ही आत्ता येतो."

"म्हणजे बोलावलं म्हणून रुसलात, आणि आता बोलावणं हवंय?"

देसांकाआजी म्हणाली, "मला तर नातवाच्या फोनवर! मेल्याने निदान फाटकातून हाक मारायची."

मग मी उभ्या उभ्याच सांगितलं. दाइव्हाने जसं सांगितलं तसंच, मला तिच्यासारखं नेटकं जमलं नाही एवढंच. खालचं दार, वरचं दार, पांढरा सदरा, आणि फोनवरचं ते खोटं.

"दोन्ही दारं उघडी?" देसांकाआजी म्हणाली. "डिसेंबरात? आरपार वारा! अगं बाई, पोराला काही झालं असतं म्हणजे!"

"सबंध दुपार उभा होता?" मास्तरांनी विचारलं.

"सबंध दुपार."

"आणि कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

मास्तरांनी आपली बाटली उचलली, पुन्हा खाली ठेवली, रुमाल काढून नाक शिंकरलं. "गाढव आहे," ते म्हणाले. "आपण सगळेच. चला, उठा. आणि त्या मेसेजबद्दल कुणी एक शब्द काढला तर माझ्याशी गाठ आहे."

रस्त्याने अशी वरात निघाली की गाड्या थांबल्या. माझ्या बायकोला खिडकीतून दिसलं, तीही डोकं विसरून कोट चढवत खाली आली. मास्तर सगळ्यांच्या पुढे. निळ्या फाटकातून आत, पायऱ्या चढून वर. दारात बापलेक दोघेही उभे होते. मास्तरांनी टोपी काढली. त्या दारात त्यांनी दर वर्षी एकच वाक्य म्हटलंय, आणि दर वर्षी ते राडोशकाकांकडे बघून म्हटलंय. आज त्यांनी मान वर केली, चांगली वर करावी लागली, आणि रास्तकोकडे बघितलं.

"स्लावा सुखाची होवो, घरधनी!"

काकांनी सवयीने तोंड उघडलं. "देव तुमचं..." एवढं बाहेर पडलं आणि ते थांबले. रास्तकोही बापाच्याच उत्तराची वाट बघत होता. दाइव्हाने त्याला मागून ढोसलं.

"देव तुमचं भलं करो, मास्तर," रास्तको म्हणाला. "या. आत या. सगळे आत या."

एकेक जण आत आला. चमचाभर गोड गहू तोंडात, क्रॉसची खूण, घरधन्याला मिठी, म्हणजे त्याच्या पोटाला मिठी. खोली भरली, बाक भरले, उरलेले खिडकीत टेकले. या सगळ्या गडबडीत काका भिंतीच्या कडेने हळूहळू टेबलापर्यंत गेले. त्यांनी एक खुर्ची ओढली. मग ते बसले, त्यांच्याच घरात, स्लावेच्या दिवशी, पाहुण्यांच्या मधे. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. कुणी बघितलं नाही असं दाखवत सगळेच बघत होते. मी रडलो, लपवत नाही.

काकांनी रिकामी ताटली पुढे सरकवली.

"काय रे घरधनी," ते म्हणाले, "इथे कुणी वाढणार आहे की नाही?"

मासा केव्हाच गार झाला होता. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला.